शाळा संपतेय, पुढे काय? (आणि त्या बॅजेसबद्दल थोडं)

मंडळी नमस्कार,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आमच्या चिरंजीवांची शाळा यंदा संपतेय, तो १९ चा आहे, ऑटिझम आहे हे तुमच्यातल्या बहुतेकांना माहीतच आहे, आणि परवाच्या कार्यक्रमात निदान आठ जणांनी विचारलं की आता पुढे काय. मनापासून विचारलंत, त्याबद्दल काहीच नाही. तक्रार दुसरीच आहे, लिहू की नको करत शेवटी लिहितेय.

दाराशी नावाचे बॅज द्यायचं काम त्याच्याकडे होतं. घरी दोन आठवडे तयारी केली होती आम्ही. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात सरकवायचं, दोरी ओवायची, नावं ओळीने मांडायची, कोणी आलं की नाव विचारायचं आणि बॅज द्यायचा. सगळं येत होतं त्याला, जरा सावकाश पण चूक नाही. मग रांग वाढली, एकांचा बॅज सापडेना कारण त्यांनी नाव नोंदवलंच नव्हतं, हा परत पहिल्यापासून शोधायला लागला, तेवढ्यात कोणीतरी प्रेमाने म्हणालं "राहू दे रे बाळा, दमला असशील, बस तू तिकडे, मी बघते". तो बसला. अख्खी संध्याकाळ. घरी आल्यावर एकच वाक्य, "काम संपलं नव्हतं". झोपेपर्यंत तेच.

तर विचारायचं हे की व्होकेशनल ट्रेनिंगचा कोणाला घरचा अनुभव आहे का? माहितीपत्रकं ढीगभर आहेत माझ्याकडे, ती नकोत प्लीज.

चिरंजीवांची आई

-----

ताई, वाचून वाईट वाटलं. माझा या विषयात अनुभव शून्य, पण इंजिनियर म्हणून नोकरी केली त्यामुळे सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही :) अशा मुलांना कॉम्प्युटर छान जमतो असं ऐकून आहे. डेटा एन्ट्रीचा एखादा चांगला कोर्स लावा, हातात सर्टिफिकेट आलं की नोकरीचं बघता येईल. आधी पाया पक्का, मग इमारत.

निवृत्त काका

-----

> हातात सर्टिफिकेट आलं की नोकरीचं बघता येईल

काका, रागावू नका, पण आमच्याकडे अशी पाच सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलीत. लेक २६ ची, डाउन सिंड्रोम. मेणबत्त्या, कागदी पिशव्या, शिवण, पॅकिंग आणि बेसिक कॉम्प्युटर. प्रत्येक कोर्सच्या शेवटी फोटो, टाळ्या, आणि मग पुढचा कोर्स. मेणबत्त्या कोण विकत घ्यायचं? आम्हीच. या तयारीतच सहा वर्षं गेली, तयारी कशाची ते कोणी सांगितलं नाही.

आता ती एका लायब्ररीत परत आलेली पुस्तकं जागेवर लावते. ते काम कुठल्याच कोर्समध्ये नव्हतं. तिथेच उभी राहून तीन आठवड्यांत शिकली. वेळ कशात गेला माहितेय? जेवणाच्या सुट्टीत! सुट्टी झाली की काम संपलं अशी तिची पक्की समजूत, सरळ जॅकेट घालून बसायची. सुट्टी संपल्यावर परत यायचं हे शिकायला तीन महिने लागले. आणि बस. आधी शेजारी बसून गेलो, मग चार सीट मागे बसून, मग बसच्या मागून गाडीने, शेवटी स्टॉपवर नुसता हात हलवून घरी. गाडीने मागे जायचे दिवस माझ्यासाठी होते, तिला गरज नव्हती हे बायको अजून ऐकवते.

एक मात्र, शेल्टर्ड वर्कशॉपला (फक्त अपंगांसाठी चालवलेली कामाची जागा) लगेच नावं ठेवू नका कोणी. पगार नावापुरता होता हे खरंय, पण मैत्रिणी तिथल्याच आहेत. लायब्ररीत सगळे चांगले वागतात पण रविवारी फोन कोणी करत नाही.

लेकीचा बाबा

-----

ताई, बाबा, काका, सगळ्यांना नमस्कार. मी इथे फारशी लिहीत नाही पण जॉब कोच म्हणून हेच काम करते, म्हणजे अशा मुलांना कामाच्या जागी शिकवते, त्यामुळे आज लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

काका म्हणतात तसं आधी पाया मग इमारत, आमच्याही क्षेत्रात कित्येक वर्षं हेच चालायचं, आधी शिकवा मग नोकरी बघा. अडचण अशी की आमच्या बऱ्याच मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप नेता येत नाही. वर्गातला झाडू आणि ऑफिसातला झाडू ही त्यांच्यासाठी दोन वेगळी कामं असू शकतात. म्हणून सपोर्टेड एम्प्लॉयमेंटवाले उलटं करतात, आधी खऱ्या कामावर उभं करा आणि तिथेच शिकवा. प्रोजेक्ट सर्च (अशा मुलांना खऱ्या कामावरच शिकवणारा कार्यक्रम) १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये सुरू झालं ते असंच. तिथल्या इमर्जन्सी विभागाच्या प्रमुख एरिन रील यांना सामान वेळच्या वेळी भरून ठेवणारी माणसं मिळत नव्हती. म्हणजे दया म्हणून काढलेलं काम नव्हे, अडलेलं खरं काम. तिथे शेवटच्या वर्षाची मुलं शाळेऐवजी कामाच्या जागीच जातात आणि वर्षभरात सहसा तीन वेगवेगळी कामं करून बघतात. ताई, शाळेला आधी हेच विचारा, शेवटच्या वर्षात खऱ्या जागेवर किती तास? बाकी माहितीपत्रकं रद्दीत टाका.

आणि "यांना हे जमणार नाही" वाल्यांसाठी एक जुनी गोष्ट. मार्क गोल्ड या अमेरिकन संशोधकांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शेल्टर्ड वर्कशॉपमधल्या मध्यम आणि तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांना सायकलच्या ब्रेकचे १५ भाग जोडायला शिकवले. निम्म्या लोकांना भाग जसेच्या तसे दिले, निम्म्यांना भागांची एक बाजू रंगवून दिली, म्हणजे रंग आपल्याकडे असला की भाग सुलटा. रंगवाले बरेच लवकर शिकले. माणसं तशीच, ब्रेक तोच, शिकवायची पद्धत बदलली.

आता बॅज. ताई, तुम्ही पायऱ्या सुंदर पाडल्यात पण एक पायरी राहिली: नाव सापडलं नाही तर काय? आपण ती गृहीत धरतो, आणि कामावर मुलं बहुतेक तिथेच अडतात, प्रिंटरमधला कागद संपला, ट्रे जागेवर नाही, असल्या ठिकाणी. ती वेगळी शिकवायची. यादी दोनदा बघ, नसेल तर निळा कोरा बॅज दे, पेन दे, "नाव लिहा" म्हण. घरी मुद्दाम यादीत नसलेली माणसं बनून या, चारपाच वेळा.

शिकवताना समोर उभं राहू नका, बाजूला किंवा मागे. आणि कमी बोला. तोंडी सूचना आपल्याला सगळ्यात सोप्या वाटतात पण काढून घ्यायला त्याच सगळ्यात अवघड, मग मूल प्रत्येक पायरीला आपल्या तोंडाकडे बघत बसतं. बोट दाखवा, कोपराला हलका स्पर्श करा, आणि त्याच्याही आधी थांबा. मनात दहा आकडे मोजा. चार आकड्यांनंतर हात शिवशिवायला लागतात, माझेही लागतात अजून. "मी बघते" हे वाक्य बहुतेक तिथेच तोंडातून निघतं.

बाबांचा वर्कशॉपचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं २७ वं कलम खुल्या, सर्वांना सामावून घेणाऱ्या नोकरीबद्दल बोलतं आणि मी त्याच बाजूची, पण नोकरी लावून दिली की मैत्री आपोआप होईल असं आम्ही कोचमंडळी धरून चालतो आणि ते होत नाही. त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

जॉब कोच

-----

ताई,

त्याच्या हातातून तो बॅज काढून घेणारी मीच होते. दोन दिवस हा धागा वाचतेय आणि लिहायची लाज वाटत होती. मला खरंच वाटलं तो गोंधळलाय, रांगेतले लोक चुळबुळ करत होते, त्याला कोणी काही बोलू नये म्हणून मी पुढे झाले. तो "थांबा" म्हणाला होता, एकदा नाही दोनदा. मी ऐकलं आणि तरी घेतला. सॉरी तुम्हाला आहेच, पण त्याला कसं म्हणू ते सांगा.

दाराजवळच्या काकू

-----

काकू, अहो लाज कसली, तुमच्याआधी हे मी घरी हजार वेळा केलंय. बुटाच्या नाड्या तो १४ वर्षांचा होईपर्यंत मीच बांधल्या, शाळेची वेळ व्हायची म्हणून.

काल कोचताईंनी सांगितलं तसं करून बघितलं, मी मागे उभी, तोंड बंद. त्याचे बाबा यादीत नसलेला माणूस बनून आले. हा शोधतोय, परत शोधतोय, आणि मला पहिल्यांदाच ऐकू आलं की तो पुटपुटतो. "घाल, फिरव, ठेव. घाल, फिरव, ठेव." मराठीत! शाळेत सगळं शिक्षण इथल्या भाषेत, आणि तो लहान असताना आम्हाला घरातली मराठी बंद करा असं एका तज्ज्ञांनी बजावलं होतं, तुमच्यातल्याही काहींना सांगितलं असेल. आम्ही ऐकलं नाही ते आळसापोटी, शहाणपण वगैरे काही नव्हतं. कोचताई, कामाच्या जागी तो असं पुटपुटला तर चालतं ना, का थांबवायचं?

निळा बॅज सातव्या आकड्याला दिला त्याने. मी मोजत होते.

काकू, सॉरी एकदाच म्हणा, लांबवू नका, आणि पुढच्या कार्यक्रमाला यादीत नाव न घालता या.

चि.ची आई

-----

> पुटपुटला तर चालतं ना

चालतं काय, अजिबात थांबवू नका. ती त्याची स्वतःची सूचना आहे, आपली नाही. तेच तर हवंय.

जॉब कोच

-----

नाव घालत नाही. मग दाराशी नुसती उभी राहू का, का मुद्दाम घाई करू?

काकू