नॉर्डश्लाइफवर गाडी ठोकली की रिस्टार्ट मारायचा का?

महाल (धागाकर्ता):
आपल्या नागपूरच्या सिम रेसिंगवाल्या (गेममध्ये खऱ्यासारखी गाडी पळवणाऱ्या) पोरांना एक सवय लागली आहे. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकवर गाडी बॅरियरला लागली की लगेच रिस्टार्ट, म्हणजे लॅप पुन्हा पहिल्यापासून. माझं स्पष्ट मत, सरावात हे बटण वापरूच नका.

ट्रॅक २०.८ किलोमीटरचा, वळणं सत्तरच्या वर. फुक्सऱ्योरेचा उतार सुसाट उतरून चढाला लागलं की आदेनाउअर फोर्स्ट येतं. पुढचं वळण दिसत नाही आणि नवा माणूस हमखास गवतात जातो. हे सगळं पूर्वार्धातच. दरवेळी इथूनच मागं फिरलात तर सुरुवातीचं हात्सेनबाख तोंडपाठ होईल, पण पुढच्या कारुसेल वळणाचं काँक्रीट आणि प्फ्लान्झगार्टनची उडी कधी शिकणार? गाडी सरळ करा, पुढं निघा. लॅप टाइम गेला खड्ड्यात.

प्रतापनगर:
भाऊ, मला हे पटून नाही राहिलं. सस्पेंशन वाकलेली गाडी एका बाजूला ओढते. तिच्यावर उरलेले बारा-चौदा किलोमीटर चालवून जे ब्रेकिंग पॉइंट डोक्यात बसतात, ते धड गाडीत चुकतात. त्यापेक्षा ट्रॅकचे तुकडे पाडा. ग्रॅन टुरिस्मो ७ या गेममध्ये सर्किट एक्सपिरियन्स (ट्रॅकचा एकेक तुकडा वेगळा चालवायचा भाग) त्याचसाठी आहे. जिथं चुकलो, तोच तुकडा हातात बसेपर्यंत मारायचा.

महाल:
सरावापुरतं गेममधलं डॅमेज (गाडीची मोडतोड) बंद करा, वाकायचा प्रश्नच मिटला. तुकड्यांचं म्हणाल तर अडचण जोडावर आहे. आरेमबेर्ग वळणाला ब्रेक कुठं लावायचा, हे त्याच्या आधीच्या श्वेडनक्रॉइत्समधून किती वेगानं बाहेर पडलात त्यावर ठरतं. तुकडा आरेमबेर्गपासून सुरू केला की तो वेग मिळतच नाही. तिथं बसवलेला ब्रेकिंग पॉइंट पूर्ण लॅपमध्ये काय कामाचा?

धरमपेठ:
डॅमेज बंद करायला माझा सक्त विरोध! भिंतीची भीती गेली की माणूस प्रत्येक वळणात ताशी दहा-पंधरा किलोमीटर जास्तीच्या वेगानं घुसतो, आणि डॅमेज चालू केल्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आणखी एक. आपण वर्धा रोडसारख्या सपाट रस्त्यावर गाडी शिकलेली माणसं. नॉर्डश्लाइफच्या सर्वांत खालच्या आणि वरच्या जागेत जवळपास ३०० मीटरचा फरक आहे. उताराच्या टोकाला गाडी दबते तेव्हा टायरला पकड जास्त मिळते, उंचवट्यावर हलकी होते तेव्हा कमी. हे कळायला सावकाश, न ठोकता काढलेले लॅपच पाहिजेत. वेगाच्या सत्तर टक्क्यांवर चालवा ना बाप्पा, मग रिस्टार्टची गरजच काहून पडते?

सदर:
तुम्ही तिघंही एकट्याच्या सरावाचं बोलून राहिले. ऑनलाइन शर्यतीत रिस्टार्ट नसतोच. आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतीच्या गेममध्ये ट्रॅकबाहेर गेलं की एक, ताबा सुटला की दोन आणि दुसऱ्या गाडीला जोरात धडकलं की चार इन्सिडंट पॉइंट (चुकीचे गुण) लागतात. म्हणजे खरं नुकसान पहिल्या चुकीपेक्षा घाईनं परतण्यात आहे.

गाडी फिरली आणि सावरता येत नाही असं दिसलं, की क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरायचे. गाडी जिथल्या तिथं थांबली तर मागचा तुम्हाला चुकवू शकतो. ब्रेक सोडला आणि ती हळूच घरंगळत आडवी आली, तर त्याचीही शर्यत संपली. मग मिरर, रडार (आजूबाजूच्या गाड्या दाखवणारं) पाहून, रेसिंग लाइन सोडून कडेकडेनं रस्त्यावर. गवतात स्टिअरिंग वळवून थ्रॉटल दिला की पुन्हा गिरकी. रिस्टार्टची सवय असलेल्याला यातलं काहीच येत नाही. इथं मी महालच्या बाजूनं.

प्रतापनगर:
सदर भाऊ, सावरणं शिकायलाच पाहिजे, वाद नाही. पण त्यासाठी लॅप शिकतानाच ठोकत जायची काय गरज? रुंद, मोकळ्या ट्रॅकवर मुद्दाम गाडी फिरवून तो सराव वेगळा करता येतो. मी तुकडे पाडूनच शिकणार. शनिवारी रात्री सर्व्हर लावतो, डॅमेज चालू, गाडी सगळ्यांना एकच. महालवाले भाऊ, तुमचे पूर्ण लॅप घेऊन या, आरेमबेर्गला कोणाचा ब्रेक बरोबर पडतो ते पाहू.