मोडी कागदांचा रुमाल भिजलाय, उन्हात टाकू का?

कपाट नं. ४
मंडळी, घाईत लिहितेय. आमचं वाचनालय तालुक्याचं, कोकणातलं, कौलारू. शनिवारी रात्रीच्या पावसात एक कौल सरकलं आणि पाणी थेट मोडी कागदांच्या कपाटात. सोमवारी कुलूप उघडलं तेव्हा कळलं. एक रुमाल (म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा) पूर्ण ओला, दुसरा कडेने. खोतांच्या घरातून आलेलं दप्तर आहे: वहिवाटीचे कागद, दोन लांब वळकट्या आणि जमिनीचे कौल, म्हणजे करारपत्रं. (कौल सरकून कौल भिजले, रडावं की हसावं!) वरचे दहा-बारा कागद सुटे निघाले, खालच्यांची वडी झालीय. कुबट वास येतोय. कार्यवाह म्हणतात, अंगणात उन्हात पसरा आणि मग सगळं लॅमिनेट करून टाकू, कायमची कटकट मिटेल. माझं मन घेत नाही.

जुना दप्तरी
ताई, मन घेत नाही ते बरंच आहे. ऊन नकोच. कागद एका अंगाने भराभर सुकतो आणि पापडासारखा वळतो. जुनी शाई बहुधा काजळाची, डिंकात घोटलेली. काजळ विटत नाही म्हणून अक्षर इतकी वर्षं काळंभोर राहतं, पण डिंक पाण्यात सुटतो. ओल्या ओळीवरून बोट फिरवलंत की ओळ गेली. चिखलाचा डाग दिसला तरी आज पुसू नका.

खिडक्या उघडा, पंखा लावा, पण त्याचं तोंड भिंतीकडे. सुटे कागद टीपकागदावर ठेवा आणि टीपकागद ओला झाला की बदला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उमटते. वडी सोडवायला जाऊ नका. पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. दोन दिवस ओलं राहिलं की बुरशी धरते, तुमच्याकडे वास सुटलाच आहे. गोठलं की ती थांबते, मग जाणकार माणूस सापडेपर्यंत सवड मिळते. नाकाला मास्क बांधा.

आणि सगळ्यात आधी, कागद हलवायच्या आत फोटो. कुठला कागद कुणाच्या खाली होता हे एकदा गेलं की गेलं. वळकटी म्हणजे खळीने जोडलेले तुकडे. जोड सुटलाच तर मागे जोडावर मारलेला शिक्का आहे का बघा, पुढे जुळवताना तोच उपयोगी पडतो. रुमालाचं फडकं आणि त्याला बांधलेली चिठ्ठीही टाकू नका.

लॅमिनेशनचं मी डोळ्यांनी पाहिलंय. एका संस्थेने (नाव नको) हौसेने चाळीसेक कागद प्लॅस्टिकात बंद करून घेतले. वीस वर्षांनी प्लॅस्टिक पिवळं, आणि एका सनदेच्या कोपऱ्यात बुरशीचा ठिपका. तो वाढताना आम्ही बाहेरून बघत बसलो, कारण कागदाला धक्का न लावता ते प्लॅस्टिक निघेना. फाटक्या कागदाला जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद) गव्हाच्या खळीने लावतात ते याचसाठी, पुढच्या माणसाला ते सोडवता यावं म्हणून.

माजघर
आमची आजी पोथ्यांत कडुलिंबाचा पाला आणि वेखंड ठेवायची. डांबरगोळ्या पण चालतील ना?

जुना दप्तरी
वेखंड चांगलं. तंजावरच्या सरस्वती महालात वेखंड, लवंग, दालचिनी, मिरी, कापूर अशा पुरचुंड्या ठेवायची रीत आहे. पण ते कसरीसाठी, कागद खाणाऱ्या किडीसाठी. ओल त्याने जात नाही. पाला ठेवलात तर पूर्ण वाळलेला, नाहीतर तोच ओल धरतो. डांबरगोळ्यांच्या वासाने वाचणाऱ्याचंच डोकं उठतं, आणि बुरशी तिथेच.

कपाट नं. ४
दप्तरीकाका, वडी शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये गेली, आंबा कुल्फीच्या कप्प्यात. त्याने फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, वास नाही ना येणार?" टीपकागद स्टेशनरीवाल्याकडे नव्हता, शाळेच्या प्रयोगशाळेतून गाळणकागद आणला. चालतोय. नऊ कागद जवळजवळ सुकले, एकावर तळाशी "मोर्तब सूद" (शेवटच्या शिक्क्यातली अक्षरं) स्वच्छ वाचता येतं. कार्यवाहांना तुमचा सनदेचा किस्सा वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण लॅमिनेशनवाल्याला आज बोलावलेलं नाही.

एका वळकटीचा जोड मात्र रात्रीत सुटला. मागे बघितलं तर अर्धाच शिक्का. उरलेला अर्धा बहुतेक कुल्फीशेजारी आहे.