१७ सप्टेंबर : लेकरांच्या खोलीतली खुर्ची

जालनेकर :
मंडळी, मराठवाडा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमासाठी मेलबर्नच्या हॉलची किल्ली मिळाली. लेकरांच्या खोलीत कोण कोण थांबणार ते आजच कळवा. अन् संक्रांतीला ठेवलेली कोपऱ्यातली खुर्ची यावेळी नको म्हणून दोघीतिघींचे फोन आलेत. मग मारामारी करणाऱ्याला बसवायचं कुठं?

उदगीरची ताई :
कुठंच नाही. मी इथं चाइल्डकेअरमध्येच काम करते म्हणून सांगायले. अडीच वर्षांचं लेकरू कोपऱ्यात बसून आपलं काय चुकलं याचा विचार करत नसतं, सगळ्यांनी आपल्याला बाजूला काढलं एवढंच त्याला कळतं. संक्रांतीला भांडण कशावरून झालं आठवा, लाल ट्रॅक्टर एक अन् मागणारे पाच-सहा. त्या वयात वाटून घेणं जमतच नाही, तीन-चार ट्रॅक्टर आणा, निम्मी भांडणं तिथंच मिटतील. आमच्याकडे तर नॅशनल लॉचं, म्हणजे इथल्या चाइल्डकेअर केंद्रांसाठीच्या कायद्याचं, कलम १६६ आहे, मारणंच काय, अवाजवी शिक्षा केली तरी गुन्हा होतो.

नांदेडकर :
ताई, ते कलम नोंदणी असलेल्या केंद्रांना, आपल्या हॉलला नाही. आम्ही तर मास्तरच्या छड्या खाऊन शिकलो. अन् खोलीचं काय ते सांस्कृतिक समिती ठरवते दरवर्षी, ती चर्चा इथं ग्रुपवर नको.

उदगीरची ताई :
कलम लागत नाही, मान्य. पण लेकरू तर तेच आहे ना दादा? समितीनं ठरवावं, पण खोलीत जे बसणारेत त्यांना एवढं सांगाच. एकानं दुसऱ्याला चावलं तर आधी ज्याला चावलं त्याच्याकडं जा, गार फडकं लावा. मग चावणाऱ्यापाशी खाली बसा, त्याच्या तोंडासमोर तोंड येईल असं, अन् हळू आवाजात सांगा, "चावायचं नाही, त्याला दुखतं. तुला ट्रॅक्टर पाहिजे ना? 'मला दे' म्हण." त्याच्याकडं शब्दच नसतात हो, म्हणून दात लावतं. "पळू नको" म्हणून ओरडण्यापेक्षा "हळू चाल" म्हणा, काय करायचं ते तरी कळतं त्याला. अन् खेळ गोळा करायच्या पाच मिनिटं आधी सांगून ठेवा, एकदम हातातून ओढून घेतलं की रडारड होणारच.

औसेकर :
आई सध्या इथं आलेली आहे, तिचं आयुष्य अंगणवाडीत गेलं, ती बोलायली तसं टाईप करतोय. सोयाबीन काढणीच्या दिवसांत आईबाप पहाटेच रानात जायचे, लेकरं उपाशीच यायची अन् चावाचावी, ओरबाडणं त्याच दिवसांत जास्त. ती आल्या आल्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची, मग बडबडगीत म्हणत सगळ्यांना गोलात घ्यायची. रागवायची वेळच फार येत नव्हती म्हणती. १७ तारखेला खोलीत बसायला ती तयार आहे. पण शेंगदाणे इथं चालतात का, कुणाला ॲलर्जी असेल तर आधी विचारा.

परळीची वहिनी :
शेंगदाणे नकोच, इथं बऱ्याच लेकरांना ॲलर्जी असती. काकू बसणार असतील तर मीही बसते. पण भाषणं संपून जेवायला एक वाजतो, तोवर लेकरं कशी थांबतील?

हिंगोलीकर :
झेंडावंदन अन् भाषणं मागं-पुढं होणार नाहीत, पाहुण्यांना वेळ दिलेली आहे.

परळीची वहिनी :
भाषणं चालू द्या तुमची. लेकरांचं साडेअकराला खोलीतच उरकून घेते, बिनतिखटाचे धपाटे अन् दही. डबे मी आणते, दही कोण आणतंय?