‘जोडोनिया धन’: कमावत्याचा अभंग की नुसता उपदेश?

पायवाट
तुकोबांचा ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ (चोख व्यवहाराने धन मिळवून ते अलिप्तपणे खर्च करतो) हा अभंग वैराग्याचा म्हणून सांगितला जातो. मला तो कमावत्या माणसाचा वाटतो. रचना बघा: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा फक्त चारांचा. धन जोडायला बारा अक्षरं लागतात, ‘वेच करी’ मात्र चारात उरकतं. मिळवणं सावकाश, सोडणं झटक्यात. सूर शांत आहे आणि पैशाला कुठेही नावं ठेवलेली नाहीत.

कातरवेळ
अजिबात पटलं नाही. ६-६-६-४ हा मोठ्या अभंगाचा ठरलेला साचा आहे, विठ्ठलाचं रूपवर्णनही त्यातच बसतं. त्यातून खर्चाची लय कशी काढता? आणि कमावत्याचा अभंग म्हणता, तर कष्ट आहेत कुठे? जात्यावरच्या ओवीत दळणाऱ्या हाताचा फेरा लयीतच ऐकू येतो. इथे ‘जोडोनिया’ म्हटलं की कमाई संपली! पुढे परनिंदा, परस्त्री, वडिलांचा मान, म्हणजे सद्गुणांची यादीच. ध्रुपद, म्हणजे दर कडव्यानंतर परत येणारी ओळ, ‘उत्तमचि गती तो एक पावेल’, त्यामुळे गाणारा दर वेळी फळाकडेच परततो. सूर उपदेशाचाच आहे.

पायवाट
साचा ठरलेला, पण कुठल्या चरणात काय ठेवायचं ते कवी ठरवतो. शिवाय तुकोबा साच्याला बांधलेले नाहीत, याच अभंगातल्या परस्त्रीच्या ओळीचा चौथा चरण ‘बहिणी माया’ मोजा, चारांऐवजी पाच अक्षरं भरतात. आणि यादी म्हणताना ‘तान्हेल्या जीवन वनामाजी’ कसं सुटलं? रानात तहानलेल्याला पाणी, गाईगुरांचा सांभाळ: जोडलेलं धन कुठे गेलं ते इथे डोळ्यांना दिसतं.

उंबरठा
कवीचा धंदाही लक्षात घ्या. घर वाण्याचं, त्यात सावकारी. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने सगळं होरपळलं. वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. ‘उत्तम वेव्हारें’ हे शब्द अशा माणसाचे आहेत. मला तरी त्यात पाठ देण्यापेक्षा हिशेब पुरा केल्याचा सूर ऐकू येतो.

कातरवेळ
चरित्र कवितेला उसनं देऊ नका. जे आहे ते ओळीत सापडायला हवं. पाण्याची ओळ सुंदर आहे, वादच नाही. पण तिच्यात क्रियापद नाही. पाणी रानात पोचलं, ते डोक्यावरून वाहून नेणारा कुठेच नाही. कष्टाच्या कवितेत मला तोच हवा होता.