अनुभव धागा : ‘ये, जरा ऐकून जा’

गेल्या रविवारी आमच्याकडे पाच जण जमले होते. निमित्त आवाज मोठा करणाऱ्या एका जुन्या अ‍ॅम्पचं, त्याचा डावा चॅनल गेला होता. सकाळी दहाला झाकण उघडलं. दुपारी दोनला बायकोने सोल्डरचा वास असलेल्या हातांनी कोणी पोळीला शिवायचं नाही असं बजावून जेवायला बसवलं. चारला कळलं, की स्पीकरची वायर मागून निसटली होती, एवढंच. सहा तास कोणी मागे वाकून पाहिलं नाही, कारण पाचही जणांना अ‍ॅम्प उघडायचा होता.

आपण ऑडिओवाले एरवी लिहितो ते वॅट, ओहम आणि किमती. या धाग्यात यंत्रापायी गाठ पडलेल्या माणसांचं लिहा. ‘डिजिटल चांगलं की अ‍ॅनालॉग’ हे भांडण मात्र इथे नको, त्याला बाकीचं आयुष्य पडलंय. सुरुवात मीच करतो.

पुणे, शनिवार पेठ

वाड्यातल्या दोन खोल्यांत राहत होतो तेव्हा ईएल८४ व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प बांधायला घेतला. व्हॉल्व्ह जुन्या बाजारातल्या एका फुटक्या रेडिओतून निघाले, बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्स). ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. वाजायला लागला, पण गाण्याखाली सतत घूंऽऽ. तपकीर गल्लीत सुट्या भागांच्या एका दुकानात हे रडगाणं गात होतो, तर शेजारी उभे असलेले एक गृहस्थ (वीज मंडळातून निवृत्त झालेले, हे नंतर कळलं) म्हणाले, “घूं पन्नासची आहे की शंभरची?” मला उमजेना. मग त्यांनी तोंडाने दोन्ही करून दाखवल्या, आधी जाड, मग त्याच्या वरच्या सप्तकातली. दुकानदारासकट चार गिऱ्हाइकं बघत राहिली. आकडे सेकंदाला किती कंपनं त्याचे : पन्नासची म्हणजे घरातल्या विजेतून कुठून तरी शिरतेय, शंभरची म्हणजे सप्लायचे कंडेन्सर कमी पडताहेत.

माझी पन्नासची होती. संध्याकाळी ते घरी आले आणि डावा हात खिशात घालूनच अ‍ॅम्पपुढे बसले. आत तीनशे व्होल्ट डीसी असतो, स्विच बंद केला तरी कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतो, आणि दोन्ही हात आत असले तर झटका छातीतून जातो. म्हणून एक हात खिशात. उजव्या हाताचं बोट त्यांनी चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, बाहेरून टेकवलं. घूं अर्ध्यावर आली. बोट उचललं, पुन्हा तेवढीच. “अहो, तुमच्या वाड्याला अर्थिंगच नाहीये.” सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी परसात खड्डा खणला, पाइप पुरला, भोवती कोळसा आणि जाडं मीठ. मालक वरच्या गॅलरीतून तीनदा विचारून गेले, काय पुरताय म्हणून. चौदा वर्षं झाली. दर रविवारी येतात, अजून एकमेकांना ‘अहो’च म्हणतो.

वाईजवळून

आमच्याकडं सिस्टिम म्हंजे माठ. हसू नका. सहा इंची स्पीकर माठाच्या तोंडावर उताणा बसवायचा, कडंनं एम-सील. शंभर-दीडशाच्या मातीत जो बास येतो तो बघायला या एकदा.

आम्ही तिघं मित्र माठ घ्यायला कुंभाराकडं गेलो. लोक बोटानं टिचकी मारून बघतात, आम्ही माठाच्या तोंडात तोंड घालून हूं हूं करत सूर बघत होतो. मामा म्हणाले, “पाणी प्यायचंय का भूत काढायचंय?” सांगितलं, की दोन सारखे पाहिजेत, डाव्या-उजव्याला. हातानं केलेले दोन माठ सारखे निघत नाहीत, हे त्यांनीच सांगितलं आणि त्यांनीच ते मनावर घेतलं. नऊ माठ झाले तेव्हा कुठं जोडी जमली. ऐकायला स्वतः आले. ढोलकी लावा म्हणाले. जरा वेळ ऐकून, “डावा फुगलाय.” आम्हाला काय ऐकू येईना. त्यांनी डाव्यातला स्पीकर काढायला लावला, आत चार मुठी वाळू टाकली. आतली जागा कमी झाली, घुमारा वर सरकला, जोडी बसली. आमच्यातला एक जण इंजिनिअर आहे. तो त्या दिवसापासून गप्पच आहे.

मिरज

माझे एक स्नेही तंबोरे बनवणाऱ्या घरातले. मिरजेत तंबोरा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको (२०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं). मी नवे स्पीकर बॉक्स बनवले की ते आले, बसले, डोळे मिटले, असा शिरस्ता. ते गाणं ऐकतच नाहीत. गायकाच्या मागे तंबोरा वाजत असतो ना, तेवढाच.

एकदा मी खर्च करून परदेशी ट्वीटर (बारीक सुरांचे छोटे स्पीकर) लावले. आवाज असा उजळला, की मी स्वतःवरच खूश. त्यांनी दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “तंबोरा आहे. पण दोरा काढलेला.” ज्यांनी तंबोरा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी : घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला, की तार घोडीला हलकी चाटत राहते आणि तो मधमाश्यांसारखा गुंजारव सुटतो. तीच जवारी. दोरा निघाला, की नुसती टण्ण तार. माझ्या बॉक्समध्ये टण्ण ऐकू येत होती, गुंजारव नव्हता. क्रॉसओव्हरच्या (जाड-बारीक सूर वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणाऱ्या सर्किटच्या) एका कंडेन्सरची क्षमता बदलत मी दोन महिने बसलो. ते दर गुरुवारी यायचे, मान हलवायचे, चहा पिऊन जायचे. एका गुरुवारी चहा घेतलाच नाही, तसेच बसून राहिले. मी तो कंडेन्सर आजवर काढलेला नाही.

पणजी

केसरबाई केरकर आमच्या केरीच्या. त्यांचं ‘जात कहाँ हो’ १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर चढलं, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर, आणि अजून प्रवास करतंय. त्यांचीच एक लाखेची, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची रेकॉर्ड मी मित्राला द्यायला पणजीहून म्हापशाला घेऊन निघालो. बसमध्ये मीच तिच्यावर बसलो. मित्राने दोन्ही तुकडे फ्रेम करून दिवाणखान्यात लावलेत, खाली पट्टी : ‘सौजन्य’ आणि माझं नाव.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)

केबलचं लिहू का? अट मोडत नाही, डिजिटलचं नाहीये हे. आम्ही चौघांनी चादर बांधून चाचणी केली. चादरीमागे मुलगी वायरी बदलणार, आम्ही कोणती महागडी ते ओळखणार. सहा फेऱ्या झाल्या, वाद हातघाईवर आला. नंतर तिने सांगितलं, की पहिल्या फेरीनंतर तिला उद्याची प्रयोगवही पूर्ण करायची होती, म्हणून पुढे काही बदललंच नाही. चौघांपैकी एक जण अजून म्हणतो, की तिसऱ्या फेरीत फरक होता.

डोंबिवली

लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात मी २एन३०५५ ट्रान्झिस्टर मागितले, धातूच्या टोपीतले. दुकानदार म्हणाला, “मॅडम, मिस्टरांना नक्की काय हवंय ते विचारून या.” मिस्टरांना आमच्याकडे फ्यूजही बदलता येत नाही. मी तरी घेतले. बाहेर पडले तर एक कॉलेजचा मुलगा मागून आला, “ताई, ते नकली आहेत. घरी गेल्यावर एक करवतीने कापून बघा.” कापला. एवढी मोठी टोपी आणि आत तिळाएवढा चिपचा तुकडा. दहा अँपिअर सोसायचं तर बरा मोठा लागतो. पुढच्या शनिवारी त्याच्याबरोबर ग्रँट रोडला उतरले, त्याने खात्रीचं दुकान दाखवलं. मी त्याला वडापाव दिला, त्याने मला त्याचा बिघडलेला डेक दिला. असं सुरू झालं.

त्याच्या साखरपुड्यात ऐन वेळी माइक गेला. मांडववाला नवखा. मी पैठणीत. स्टेजच्या मागे खुर्चीवर बसून जॅकची तुटलेली वायर सोल्डर केली. फोटोग्राफरने तो फोटो काढला, आणि आता अल्बममध्ये अंगठ्या घालतानाच्या आधीच्या पानावर मी आहे, तोंडात वायर धरलेली.

न्यू जर्सी

बाबा गेल्यावर त्यांचा टर्नटेबल मी इकडे आणला. इथे वीज १२० व्होल्टची, म्हणून स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घेतला. माणिकताईंची एलपी लावली. आई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, “ही कोण पोरगी गातेय?” व्होल्टेज बदललं होतं, पण भारतात वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि इथे साठ. त्या जुन्या मोटरी हेलकाव्यांवर चालतात. त्यामुळे मिनिटाला साडेतेहेतीस फेऱ्यांची (नेमकं बोलायचं तर ३३⅓) रेकॉर्ड चाळीसने फिरत होती. पांढरी एकचं गाणं जवळजवळ काळी दोनला.

फोनवर ओळख झालेले कोल्हापूरचे एक जण, उद्यमनगरात त्यांचं लेथचं दुकान. तोवर कधी प्रत्यक्ष भेटलो नव्हतो. म्हणाले, “मोटरची पुली मोजून सांगा, व्हर्नियरनं. पट्टीनं नको.” बारा मिलिमीटर. “मग दहाची पायजे. साठाला पन्नास, तसं बाराला धा. झालं काम.” महिनाभराने सासूबाई आल्या. पितळी पुली थालीपीठाच्या भाजणीच्या पुडीत खुपसलेली. विमानतळावर पुडी फोडून बघितली म्हणे, आणि सासूबाईंनी त्या माणसाला भाजणीची कृती सांगितली.

पुली बसवली. आई अख्खी बाजू ऐकेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, “उलटी कर.” त्या कोल्हापूरकरांना पैसे विचारले तर रागावले. गेल्या वर्षी गेलो होतो तेव्हा पहिल्यांदा भेटलो, त्यांनी तांबडा-पांढरा खायला घातला आणि सबंध वेळ टॅरिफवर बोलले.

नाशिक

आमच्यातले थोरले काका २०२१ मध्ये गेले. अकराशेच्या वर रेकॉर्डी आणि एक लाल कापडी बांधणीची वही. वहीत तारीख, रेकॉर्ड, कोणाला दिली, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. ‘परत. ओरखडा.’ ‘परत. कव्हर दुसरेच.’ काही ठिकाणी शेरा रिकामा.

तेरावा झाल्यावर लोक यायला लागले. भेटायला म्हणून यायचे आणि जाताना पिशवीतून रेकॉर्ड काढायचे. एक जण जिन्यातच उभे, चपलाही काढेनात. त्यांच्या नावापुढे १९९४ होतं. काकूंनी वही आणली, चश्मा लावला, ओळ शोधली, ‘परत’ लिहिलं आणि चहा टाकला. दुसऱ्या दिवशी आलेल्याचं नाव वहीत सापडेना. काकू म्हणाल्या, “ही आमची नसेल.” तो म्हणाला, “तुमचीच आहे. न सांगता नेली होती.” काकूंनी विचारलं, “केव्हा?” त्याने अंदाजे साल सांगितलं. त्यांनी ते नेल्याच्या रकान्यात लिहिलं, मग परतच्या रकान्यात आजची तारीख.

भंगारवाला किलोवर घ्यायला येऊन गेला, एक व्यापारी मोटार घेऊन येऊन गेला. काकू आता स्वतः देतात. नेणाऱ्याला एकच प्रश्न, सुई शेवटची कधी बदलली. उत्तर अडखळलं, की रेकॉर्ड परत कपाटात.

ठाणे

न्यू जर्सीवाले, एक शंका. पुलीला दोन पायऱ्या असतात, ३३ ची आणि ४५ ची. बाराची दहा केलीत ती ३३ ची. मग ४५ चं काय केलंत?

न्यू जर्सी

त्यांनी न सांगता दोन्ही कातून पाठवल्या. आमच्या घरात ४५ ची एकही रेकॉर्ड नाही.