मदत हवी आहे : लेकीसाठी स्ट्रॅट-ओ-मॅटिक घेऊ, ॲपबा घेऊ की आउट ऑफ द पार्क?
मंडळी, जरा मदत हवीये. आम्ही न्यू जर्सीत असतो, लेक १२ वर्षांची, न्यूयॉर्कच्या मेट्स या बेसबॉल टीमची पक्की फॅन, तिला बेसबॉलचा सिम्युलेशन गेम हवाय, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर बेतलेला. एमएस करताना मी रूममेटबरोबर स्ट्रॅट-ओ-मॅटिक खूप खेळलोय, तो १९६१ चा कार्डांचा गेम, तीन फासे टाकायचे, त्यातल्या एकावर १ ते ३ आलं तर बॅटरचं कार्ड बघायचं नि ४ ते ६ आलं तर पिचरचं (म्हणजे बॉल टाकणाऱ्याचं), मग बाकी दोघांची बेरीज करून त्या पहिल्या आकड्याच्या रकान्यातली ओळ वाचायची. त्यामुळे समोर मेट्सचा पिचर ड्वाइट गुडन असला की भलेभले बॅटर गप्प, ते मला फार आवडायचं.

रूममेटचा जीव मात्र ॲपबावर. तो आणखी जुना, १९५१ चा, दोनच फासे, एक दशकाचा नि एक एककाचा, असा ११ ते ६६ मधला आकडा बॅटरच्या कार्डावर शोधायचा नि बेसवर कोण उभंय त्यानुसार बोर्डावर निकाल बघायचा. ६६ हा सगळ्यात भारी आकडा पडला की पठ्ठ्या खुर्चीतून उठायचाच! गेम पटापट होतो, पण पिचरचं वजन मुख्यतः ए, बी, सी, डी ग्रेडवर, मला ते कमीच वाटतं.

कॉम्प्युटरवर आउट ऑफ द पार्क आहे, पण त्यात ट्रेड, करार, मायनर लीग (खालच्या पातळीवरच्या टीम), सगळा संसार सांभाळायचा, तिला झेपेल का? मुलांबरोबर कोणी खेळलंय का यातलं काही? आणि स्ट्रॅट घेतला तर १९८६ च्या सीझनची कार्डं घेऊ, मेट्स वर्ल्ड सिरीज जिंकले त्या, की ती ओळखते ते आत्ताचे खेळाडू? नाताळच्या आधी मागवायचंय, प्लीज सांगा.