‘हेल्थ फिजिक्स’मध्ये छापून आलं, म्हणून विश्वास ठेवायचा का?

मेघना आरएसओ

कोकणातल्या जैतापूर अणुप्रकल्पाचा विषय निघाला की करुनागपल्लीचा अभ्यास पुढे येतोच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केरळात कोल्लमजवळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे खनिज आहे आणि मोनाझाइटमध्ये किरणोत्सर्गी थोरियम. त्यामुळे तिथे घराबाहेरचा किरणोत्सर्गाचा नैसर्गिक डोस काही जागी वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत जातो (ग्रे हे शोषल्या गेलेल्या किरणोत्सर्गाचं माप, मिलिग्रे त्याचा हजारावा भाग). त्या भागातल्या ६९,९५८ लोकांवर सरासरी साडेदहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष २००९ साली ‘हेल्थ फिजिक्स’ या किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या अमेरिकी मासिकात छापून आले: डोस वाढला तसा कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे अणुवाल्यांचंच मासिक आहे, ते दुसरं काय छापणार? मी एका रुग्णालयात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओ, म्हणून काम बघते, आणि हा आक्षेप मला मान्य नाही.

कारण हॅनफर्ड. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला हा प्लुटोनियमचा कारखाना. तिथल्या कामगारांचा अभ्यास अमेरिकी अणुऊर्जा आयोगाने १९६० च्या दशकात पिट्सबर्गच्या थॉमस मॅन्क्युसोंकडे दिला. पुढे त्यांनी ॲलिस स्ट्युअर्ट आणि जॉर्ज नील या ब्रिटिश संशोधकांना सोबत घेतलं. निष्कर्ष निघाला तो अणुउद्योगाला अजिबात न आवडणारा: ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आतल्या डोसनेही कामगारांमध्ये कॅन्सर वाढतोय. मॅन्क्युसोंकडून काम काढून घेतलं गेलं, १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. तो निबंध छापला कोणी? १९७७ साली, ‘हेल्थ फिजिक्स’ने. दोन वर्षांनी त्या निबंधाच्या सांख्यिकीतल्या त्रुटी दाखवणारा सविस्तर परीक्षणलेखही त्याच मासिकाने छापला. ज्या मासिकाचे बहुतेक वाचक अणुभट्ट्या आणि प्रयोगशाळांमध्ये नोकरी करणारे, त्याने हे केलं. मला हे मोठं वाटतं.

राजापूरकर

मेघनाताई, हॅनफर्डची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. निबंध छापला हे खरं, पण ज्याने लिहिला त्याच्या हातातून अभ्यास गेला. मग पुढच्या संशोधकाने काय धडा घ्यायचा?

त्या मासिकाचे संस्थापक संपादक कार्ल मॉर्गन, अमेरिकेतल्या ओक रिजच्या सरकारी अणुप्रयोगशाळेतले. १९७१ मध्ये जर्मनीतल्या एका परिषदेत ते निबंध वाचणार होते. त्यात फास्ट ब्रीडर या प्रकारच्या, वापरते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या अणुभट्टीवर टीका होती. त्यांच्याच प्रयोगशाळेने निबंधाच्या छापील प्रती नष्ट करायला लावल्या आणि टीका गाळलेली आवृत्ती पुढे पाठवली, असं त्यांनी स्वतः पुढे सांगितलंय. आपल्या विषयाच्या मासिकाचा संपादक असलेल्या माणसाची ही गत! म्हणजे चाळणी मासिकाच्या दारात नाही, ती आधीच लागते. संपादकाच्या टेबलावर जे येतच नाही ते छापलं जाईल कसं?

आमच्या जैतापूर भागात माडबन, मिठगवाणे, साखरी नाट्याच्या लोकांना हाच केरळचा अभ्यास दाखवून ‘तिथे काही होत नाही, मग तुम्ही कशाला घाबरता’ असं सांगितलं गेलं. मूळ निबंध या गावकऱ्यांपैकी एकाने तरी वाचला असेल का? तो इंग्रजीत, आणि पूर्ण वाचायला पैसे. ज्यांच्या जिवाचा प्रश्न त्यांनाच दार बंद.

अनिकेत गो

मी अणुऊर्जेच्या बाजूचा आहे, तरी सांगतो की ‘काही होत नाही’ असं तो निबंध म्हणतच नाही. आकडे बघा. प्रति ग्रे जादा सापेक्ष जोखीम, म्हणजे डोस न मिळालेल्यांच्या तुलनेत वाढलेली जोखीम, उणे ०.१३, पण ९५ टक्के खात्रीची कक्षा उणे ०.५८ पासून अधिक ०.४६ पर्यंत. म्हणजे जोखीम शून्य असणं या आकड्यांत बसतं, आणि एका ग्रेला ४६ टक्क्यांनी वाढणंही बसतं. लेखकांनी स्वतःच लिहिलंय की डोस कमी असल्याने अभ्यासाची सांख्यिकी ताकद अपुरी असू शकते. त्यांचा दावा एवढाच, की कमी डोसची जोखीम आज मानतात त्याहून फार जास्त असण्याची शक्यता दिसत नाही. आज मानतात तितकी नसेलच, असं ते कुठेच म्हणत नाहीत.

दुसऱ्या बाजूने २०२३ चा तीन देशांचा अभ्यास घ्या: फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेतले ३,०९,९३२ अणुकामगार. रक्ताचे कर्करोग सोडून बाकीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू प्रति ग्रे ५२ टक्क्यांनी जास्त. तो ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय मासिकात आला, म्हणजे बाहेरच्या मासिकात. केरळच्या अभ्यासात कॅन्सर झाल्याच्या नोंदी मोजल्यात, यात मृत्यू, म्हणून थेट तुलना जपूनच करावी. पण दोघांच्या कक्षा एकमेकींवर येतात. लोक समजतात तसा हा सामना नाही.

माझा मुद्दा वेगळाच आहे. शंका आहे म्हणून डोस कायम जमेल तितका कमी ठेवायचा, याचीही किंमत असते. जपानच्या फुकुशिमा प्रांतात २०११ च्या अणुअपघातानंतर घाईघाईने हलवलेल्या लोकांपैकी, त्यातही म्हाताऱ्या माणसांपैकी, दोन हजारांहून जास्त जण स्थलांतराच्या हालांत आणि त्यानंतर गेले. संरक्षणाचं संशोधन छापणाऱ्यांनी हे मृत्यूही आपल्याच विषयातले मानायला हवेत.

राजापूरकर

फुकुशिमाचे म्हातारे दगावले ते नियोजन नव्हतं म्हणून. त्याचा दोष सावधगिरीवर टाकू नका.

कॅथलॅबवाली

तुम्ही सगळे भट्ट्यांवर बोलताय. रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, आमच्यासारखे हजारो लोक रोज सी-आर्म या एक्स-रे यंत्राशेजारी उभे असतात, त्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाहीये.

डोळ्याच्या भिंगासाठी मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट (शरीरावरचा परिणाम धरून मोजलेल्या डोसचं माप) होती. २०११ मध्ये किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ती पाच वर्षांच्या सरासरीने २० वर आणली. का? मोतीबिंदू पूर्वी समजत होते त्यापेक्षा बऱ्याच कमी डोसला होतो, हे अभ्यासांतून दिसलं म्हणून. अशाच मासिकांमधून आलेले हे अभ्यास. त्यामुळे राजापूरकर, ‘आतल्यांचं मासिक’ म्हणून ते टाकून देणं मला पटत नाही. आमचं संरक्षण तिथूनच आलंय.

पण मेघनाताई, तुमच्यावरही माझा राग आहे. अंगावर लावायच्या डोस मोजणाऱ्या बॅजचे आकडे येतात कुठून? मी आधी जिथे काम केलं तिथे टीएलडी बॅज ड्रॉवरमध्ये राहायचे. डोस जास्त दिसला तर लेखी खुलासा, कामावरून काही काळ बाजूला. त्यापेक्षा बॅजच नको. तीन महिन्यांनी रिपोर्ट येणार: सगळे सुरक्षित. ते आकडे नोंदवहीत जातात, नोंदवहीतून कोणाच्या तरी निबंधात. छताला टांगलेली शिशाच्या काचेची ढाल मागितली की बजेट नाही. मागणी करताना पुरावा म्हणून दाखवायचे ते याच बॅजचे आकडे, आणि ते म्हणतात सगळं ठीक आहे.

मेघना आरएसओ

तुमचा राग रास्त आहे. बॅज न घालणाऱ्याला शिक्षा न करता तो का घालत नाही हे विचारणं, हे आरएसओचं काम आहे. बऱ्याच ठिकाणी होत नाही हेही खरं. कामगारांच्या नोंदींवर बेतलेला प्रत्येक निबंध वाचताना डोस कसा मोजला हा भाग मी आधी वाचते तो यासाठीच.

राजापूरकर, बंद दाराचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य. निदान सारांश फुकट वाचता येतो, आणि अनिकेतनी दिलेले आकडे त्यातलेच आहेत. आपल्याकडे इंडियन असोसिएशन फॉर रेडिएशन प्रोटेक्शनचं ‘रेडिएशन प्रोटेक्शन अँड एन्व्हायर्नमेंट’ निघतं, ते पूर्ण मोफत वाचता येतं.

राजापूरकर

ते मी बघितलंय. लेखक बरेचसे अणुऊर्जा खात्याच्याच संस्थांमधले. मोफत आहे हे चांगलंच, पण माझा प्रश्न तिथेच आहे: खात्याबाहेरच्या कोणी, समजा कोकणातल्या एखाद्या कॉलेजच्या प्राध्यापकाने, तारापूर अणुप्रकल्पाच्या आसपासच्या मासळीचे आणि मातीचे नमुने स्वतः मोजून निबंध पाठवला, तर त्याला मोजायला यंत्रं कोण देणार आणि नमुने घ्यायची परवानगी कोण? प्रकल्प यायच्या आधीचे आमच्याकडचे कॅन्सरचे आकडे गावनिहाय नोंदवून ठेवायला आजच सुरुवात व्हायला हवी. करुनागपल्लीत कॅन्सरची नोंदणी आहे म्हणून तो अभ्यास होऊ शकला ना? मग राजापूर तालुक्यात तशी नोंदणी कोण सुरू करणार, ते सांगा.

अनिकेत गो

या मागणीवर माझी सही घ्या. अणुऊर्जेच्या बाजूने असलेल्यांनीच ती सगळ्यात आधी करायला हवी.